कृष्णाईची पट्टी

कुपवाडच्या आमच्या कारखान्याचा पंप मी बनवला आणि त्याचं कृष्णाई हे नावही मीच ठेवलं. दहा वर्षांनी, चौऱ्याहत्तर साली, विक्रीखात्यात नव्यानं आलेल्या शिरगुप्पेनं ते बदलून ज्युपिटर केलं. “नाव बदलून पाणी जास्त येतं का?” मी मालकांसमोर विचारलं. “पाणी तेवढंच, गिऱ्हाईक जास्त,” तो म्हणाला आणि मालक हसले. माझ्या बोलण्यावर ते कधी हसले नव्हते. पहिला ज्युपिटर कोरेगावच्या हंबीररावांच्या विहिरीवर बसवायचा होता. शिरगुप्पेला जीप येत नव्हती, म्हणून मीच चालवली. माझ्या खिशात कृष्णाई नाव कोरलेली जुनी पितळी पट्टी होती. हंबीररावांना ती दाखवून विचारणार होतो, कुठलं नाव बरं? पंप बसवताना ग्रीसनं बरबटलो. पाणी आलं. हंबीरराव कान देऊन ऐकत राहिले. “आवं, ह्यो तर कृष्णाईच की! भावकीत दोन हायेत, आवाज वळखतो मी. लय गुणाचा पंप.” माझी छाती फुगली. हंबीरराव टॉवेल-टोपी घेऊन आले आणि सरळ इस्त्रीच्या शर्टातल्या शिरगुप्पेकडं गेले. “सायेब, असला पंप बनवलासा, मान तुमचा.” त्यांनी त्याला टोपी घातली. मी घाईघाईनं पट्टी बाहेर काढणार, तोच पंपापुढं फोडलेल्या नारळाचा तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “घ्या, डायव्हर. तुमी बी लय राबलासा.” शिरगुप्पे हसला असता तर परवडलं असतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून माझ्यापुढं धरली.