तिसरा दगड

चौथ्या खेपेलाही हद्दीचा दगड सापडला नाही, तेव्हा मोजणीदार उद्धवरावांनी साखळी गुंडाळायला सांगितली. शिवेवरचे बाकीचे दगड पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या खोदाईत केव्हाच गेले होते. नकाशाप्रमाणे एकच उरला होता, आणि तोही जागेवर नव्हता. तो नाही तर मोजायला सुरुवात करायची तरी कुठून?

"तुमच्याच माणसांनी काढला असंल," वरच्या गावचे सरपंच यशवंतराव म्हणाले.

"आमी कशापायी काढू? झोपड्या तुमच्या हद्दीत हायेत," खालच्या गावचे सरपंच अर्जुनराव म्हणाले.

सकाळपासून एवढंच चाललं होतं. मधल्या माळावर पंधरा-सोळा झोपड्या होत्या. कारखान्याच्या खोदकामावर आलेली बीडकडची माणसं. त्यांना हलवा म्हणून दोन्ही गावांनी तालुक्याला अर्ज केले होते. मामलेदारांचा हुकूम आला: झोपड्या ज्या गावच्या हद्दीत, त्या गावानं आठ दिवसांत उठवाव्यात, हद्द ठरेपर्यंत कोणी हात लावू नये. तेव्हापासून त्या दुसऱ्याच्याच हद्दीत आहेत, असं दोन्ही गावांचं म्हणणं होतं. उठवील त्याच्यावर कारखान्याचा ठेकेदार रागावणार होता, आणि कारखान्यात पोरं चिकटवायची तर दोन्ही गावांना होती.

"गेल्या साली ह्याच माळापायी एकमेकांची डोकी फोडलीत," उद्धवराव म्हणाले. "कागद आहेत माझ्याकडे. तेव्हा माळ तुमचाही होता आणि ह्यांचाही होता."

"तवा गवत व्हतं, साहेब," अर्जुनराव शांतपणे म्हणाले. "आता माणसं हायेत."

उद्धवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खिशातली विडी काढली. काड्यापेटी रिकामी होती. ह्या खेपेला दगड मिळाला नाही तर लेखी खुलासा द्या, असं मामलेदारांनी बजावलं होतं. दगड हरवल्याचा खुलासा मोजणीदारानं द्यायचा, गावांनी नाही. ते तडक जवळच्या झोपडीकडे गेले.

दारात गोजाबाई चुलीशी बसली होती. चुलीवर पाण्याचा मोठा हंडा होता. आत नुकतं जन्मलेलं मूल रडत होतं.

"विस्तव द्या जरा, बाई."

"घ्या की. सुनंच्या न्हाणीचं पाणी ठिवलंय. आज दहावा दिस."

उद्धवराव उकिडवे बसले. विडी निखाऱ्याला लावताना त्यांचा हात थांबला. चुलीचे दोन दगड गोल, नदीतले होते. तिसरा घडीव होता. काजळीखाली बाहेरच्या अंगाला छिन्नीनं कोरलेली हद्दीची फुली होती.

"हा कुठनं आणला?" त्यांनी हळू विचारलं.

"त्या बाभळीखालचा. दसऱ्याला वरच्या गावच्यांनी उठिवलं तवा घेतला. घरनं आणलेला एक वाटंत फुटला, अन् दोन दगडांवर चूल मांडावी कशी? दिवाळीला खालच्या गावच्यांनी उठिवलं, तवा वढ्याच्या कडंला नेला. तिथनं बी हाकललं, मंग हितं." तिनं लाकूड आत सारलं. "सून पोटुशी व्हती. म्याच डोईवर वागिवला."

"एवढा जड?"

"जड हाय म्हणून तर. हंडा डुलत न्हाई."

उद्धवरावांनी मान वळवली. बाभूळ वरच्या गावाच्या अंगाला होती, झोपड्यांपासून चांगली साठ पावलं. जागेवरून हललेला दगड म्हणजे नुसता दगड. पण त्याची जागा त्यांना आता कळली होती. बाभळीपासून साखळी धरली की तासाभरात काम संपत होतं. झोपड्या खालच्या गावात निघत होत्या. खुलासा द्यावा लागणार नव्हता. आणि आठ दिवसांनी, पौषातल्या थंडीत, हा हंडा पुन्हा कुठेतरी चढवावा लागणार होता.

"काय साहेब, घावलं का काय?" लांबून यशवंतरावांनी विचारलं.

दोन्ही सरपंच सावकाश इकडेच येत होते. भांडण संपलं नव्हतं. ते बरोबर घेऊनच येत होते.

उद्धवरावांची विडी पेटलीच नव्हती. ती त्यांनी परत खिशात टाकली.

"बाई, चूल सारवता ना?"

"रोज सारिवते. पाणी उतरलं की सारिवणार."

"आत्ता सारवा."

गोजाबाईला हसू आलं. "पेटत्या चुलीला कुणी सारिवतं व्हय, साहेब?"

"सारवा म्हणतो ना. जाड सारवा." ते उठले. सरपंचांकडे त्यांची पाठ होती. "बाहेरच्या अंगानं."

तिचं हसू थांबलं. तिनं माळावर गुंडाळून पडलेल्या साखळीकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग आतल्या रडण्याकडे. शेजारच्या पाटीत शेणमाती कालवून ठेवलेली होती.

उद्धवराव दोन पावलं पुढे झाले आणि सरपंचांच्या वाटेत उभे राहिले.

"दगड मिळाला नाही," त्यांनी सांगितलं. "लिहून देतो तसं. सह्या करा दोघं."

"आता काय वो?" अर्जुनराव म्हणाले.

"आता पुढल्या महिन्यात बघू."

त्यांच्या मागे ओला गोळा फुलीवर बसला, आणि चुलीच्या धगीनं कडेकडेनं वाळू लागला.