सासऱ्यांचा लोखंडी पाइप

रोज सकाळी सासरे बाथरूममध्ये शिरले की तासभर बाहेर यायचं नाव घ्यायचे नाहीत, आणि सुनेची ऑफिसची बस चुकायची. शेवटी तिने हात धुऊन नवऱ्याच्या मागे लागून घराला एक खोली वाढवून घेतली. त्या खोलीला स्वतंत्र बाथरूम, त्यात शॉवर आणि शॉवरला जोर यावा म्हणून पंप!

"टाकीपासून नवी लाइन टाकू," प्लंबर म्हणाला.

"कशाला उगाच?" सासरे आडवे आले. "माझ्या जुन्या पाइपलाच जोडा. लोखंडी आहे, तुम्हा सगळ्यांना पुरून उरेल."

त्यांच्यापुढे कोण बोलणार? प्लंबरने पंप त्यालाच जोडला. तो सुरू केला मात्र, जुन्या बाथरूमच्या भिंतीतला तो लोखंडी पाइप फुटला. मग प्लंबरने नव्या बाथरूमला मुकाट्याने टाकीपासून वेगळी लाइन दिली आणि फुटलेला पाइप बदलायला जुन्या बाथरूमची भिंत फोडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून खांद्यावर टॉवेल टाकून ऐटीत आपल्या नव्या बाथरूमपाशी आली, तर दाराला आतून कडी.

"सूनबाई, काय फोर्स आहे गं!" आतून सासऱ्यांचा खूश आवाज आला. "जुन्या बाथरूमचं काम सावकाश होऊ दे. मला काही घाई नाही."