सांगितल्यावर

“तो रोज तिचा मोबाईल तपासतो,” संगीताबाईंनी चिठ्ठी वाचली. “प्रेम की जबरदस्ती?”

“मोबाईल दाखवाले काय जाते, मॅडम?” मागच्या बाकावरून लखन बोलला. “काई लपवाचं नसन तं दाखवाव.”

“तुह्यापाशी तं मोबाईलच नाही,” अंजू म्हणाली. “तुले कोन दाखवते?”

दहावीचा वर्ग हसला. बाईही हसल्या. या विषयावर एक तास मिळावा म्हणून त्यांनी महिनाभर मुख्याध्यापकांचा पिच्छा पुरवला होता. तास सगळ्या वर्गाचा होता, पण मागितला होता एकाच मुलीसाठी. खिडकीजवळ बसलेली योगिनी हसली नव्हती. दिवाळीपासून तिच्या मनगटावर बोटांचे वळ दिसत होते. एक जायचा, दुसरा यायचा. शिकवणीला मानोऱ्याला जाताना एक मुलगा बसमध्ये तिला दुसऱ्या कुणाशी बोलू देत नाही, हेही बाईंच्या कानावर आलं होतं.

त्यांनी दुसरी चिठ्ठी उघडली. “रागाच्या भरात त्यानं तिला मारलं. मग तिच्या पाया पडून रडला.”

या वेळी कोणी हसलं नाही. अंजूनंच विचारलं, “रडला म्हंजे तिच्यावर जीव असन ना, मॅडम?”

“रडणं खरं असेल, बेटा. पण मारणंही खरंच होतं.” बाईंचा आवाज मऊ झाला. “असं कोणाच्या बाबतीत होत असेल, तर गप्प बसायचं नाही. भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचं.” हे त्या खिडकीकडे पाहून बोलल्या.

तास सुटला. वह्या उचलायच्या निमित्तानं त्यांनी योगिनीला थांबवून घेतलं.

“कोणी केलं हे?”

योगिनीनं बाही खाली ओढली. “बांगडी रुतली.”

“तू बांगड्या कधी घालायला लागलीस?”

योगिनी खाली मान घालून दप्तर आवरू लागली.

“सांग, योगिनी. मी आहे ना. सांगितल्याशिवाय यातून बाहेर कशी पडशील?”

योगिनीनं पहिल्यांदा वर पाहिलं. “रेणूताईनं सांगतलं होतं ना, मॅडम. तुमालेच.”

बाईंच्या हातातल्या वह्या हातातच राहिल्या.

तीन वर्षं झाली होती. योगिनीच्या शेजारची रेणू याच वर्गात, याच टेबलाशी उभी राहून बोलली होती. एक मुलगा तिला मारत होता. बाईंनी तिचे डोळे पुसले आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांच्या, भगवंतरावांच्या, ओट्यावर जाऊन बसल्या. मुलीची गोष्ट आधी बापाच्या कानावर घालायची, शाळेतले सगळे आजवर तसंच करत आले होते. भगवंतरावांनी शांतपणे ऐकलं. चहा पाजला. कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. दुसऱ्या दिवशी रेणू शाळेत आली नाही, नंतरही कधी नाही. आठ दिवसांनी घरात चार मोठी माणसं बसली. पोरीचं नाव त्या पोराशी जोडलं गेलं, आता दुसरं स्थळ कुठून येणार? मारणाऱ्या त्याच पोराशी रेणूची सोयरीक ठरली. लग्नाला मात्र तिला अठरा पूर्ण होईपर्यंत थांबले. बाईंना तेवढ्याचंच समाधान वाटलं होतं. आहेराची साडी घेऊन त्या लग्नाला गेल्या होत्या. अक्षता टाकल्या होत्या.

“माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. तीन वर्षांत हे त्या कुणाजवळही बोलल्या नव्हत्या. “मी तेव्हा घरी जायला नको होतं. या वेळी नाही जाणार. आपण दोघी वाशीमला जाऊ. तिथं मुलांसाठी काम करणाऱ्या ताई आहेत. तुला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकणार नाही.”

योगिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बाईंनी तो सोसला असता. तिनं दप्तर खांद्याला लावलं आणि लहान मुलाची समजूत काढावी तशी हळूच म्हणाली,

“तुमी मनाले लावून घेऊ नोका, मॅडम. पन रेणूताईनं सांगतलं अन् तिची शाळा सुटली. मी कोनालेच काई बोलली नाही, म्हून तं अजून शाळेत येऊन राह्यली.”