पाच नंबरचं बाळ

बाळाची छाती हलायची थांबली तशी आईने त्याचा तळवा घासला. शिकवलंच होतं तसं. कमी दिवसांची बाळं मध्येच श्वास घ्यायचा विसरतात, तळवा घासला की त्यांना आठवतं, असं सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चार दिवसांत बाळाला दोनदा आठवलंही होतं.

आज आठवेना.

"सिस्टर! लवकर या, श्वास घेत नाहीये!"

सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. नुकतंच खालच्या बाळंतपणाच्या खोलीतून आलेलं, जन्मल्यावर न रडलेलं एक बाळ त्यांच्यापुढे होतं. डाव्या हाताने त्याच्या तोंडावर मुखवटा धरून उजव्या हाताने त्या रबरी फुगा दाबत होत्या. तो हात थांबला असता तर ते बाळही थांबलं असतं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते, त्यांना निरोप गेला होता.

खोलीत चौदा बाळं, हे पंधरावं, आणि सिस्टर एकट्या. पूर्वी दर पाळीला चौघी असत. एक निवृत्त झाली, एकीची बदली झाली, एकीने पाठदुखीपायी नोकरी सोडली. भरती बंद, त्यामुळे त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. म्हणून सिस्टरनी दर पाळण्यापाशी त्या बाळाची आई बसवली होती. "माझे हात दोनच," त्या म्हणायच्या, "तुमचे धरून तीस होतात."

"मला येता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही; फुगा दाबताना आकडे मोजणं चालूच होतं. "दोन, तीन. ओठ कसे दिसतात, पाच नंबर?"

"निळे! तुम्ही या ना!"

"माझ्याकडे काय बघतेस? मी काही पळून जात नाही. बाळाकडे बघ. दोन, तीन. नाकातोंडाशी दूध आलंय का?"

आलं होतं. नाकापासून गालापर्यंत पांढरी रेघ उतरली होती.

"कुशीवर वळव आणि कापडाच्या टोकाने टीप. आत बोट घालू नकोस. दोन, तीन. टिपलंस? आता उताणं कर. खांद्याखाली कापडाची घडी सरकव. हनुवटी जराशी वर, फुलाचा वास घेतल्यासारखी."

आईचे हात लटलट कापत होते. घडी काही जमेना. शेजारच्या पाळण्यापाशी तिसऱ्या खेपेची बाळंतीण होती, सगळ्या तिला ताई म्हणत. ताईने स्वतःच्या बाळाच्या तळव्यावरचं बोट न काढता दुसऱ्या हाताने घडी करून दिली.

"कापू देत हात," ती पुटपुटली. "थांबवू नकोस म्हणजे झालं."

"पाठीखाली हात घाल आणि चोळ," सिस्टर म्हणाल्या. "कुरवाळू नकोस, चोळ."

"मोडेल हो तो!"

"नाही मोडत. चोळ. दोन, तीन."

आई चोळत राहिली. खोलीत सिस्टरचे आकडे तेवढे ऐकू येत होते. बाकीच्या तेरा जणींपैकी एकही जागची उठली नाही. जिची तिची नजर आपापल्या बाळाच्या छातीवर होती.

मग हाताखाली काहीतरी हललं. उचकी लागावी तसं पोट आत गेलं, बाहेर आलं, आणि पाठोपाठ एक बारीक, चिडका आवाज निघाला.

"रडला! सिस्टर, रडला!"

"ऐकलं मी," सिस्टर म्हणाल्या. मान न वळवताच. "दोन, तीन."

ऑपरेशन आटोपून डॉक्टर टोपीसकट धावत वर आले, तोवर नवं बाळही आपलं आपण श्वास घेऊ लागलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही बाळं नीट तपासली. मग पाच नंबरशी थबकून विचारलं, "याचं कुणी केलं?"

सिस्टरनी हनुवटीने आईकडे दाखवलं. "हिने."

डॉक्टर गेल्यावर सिस्टर स्टुलावर बसल्या. नोंद लिहायला त्यांनी पेन उचललं, ते खाली पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. उजव्या हाताची बोटं फुग्याभोवती वळली होती तशीच राहिली होती, सरळच होईनात.

आईने ताईला "जरा बघता?" म्हणून बाळाकडे बोट केलं. मग ती सिस्टरपाशी जाऊन बसली, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि करंगळीपासून एकेक बोट उलगडायला लागली.

"दुखतंय का?"

"अजून कळत नाहीये," सिस्टर म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

खिशातला फोन वाजला. सिस्टरनी तो डाव्या हाताने कानाला लावला. खालून विचारत होते, आणखी दोन घेता येतील का? सिस्टरनी एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली.

"पाठवा," त्या म्हणाल्या. "जुळी ना? मग आईला उठवू नका, बापालाच वर धाडा. हात स्वच्छ धुऊन."

फोन ठेवून त्यांनी उजवा हात पुन्हा पुढे केला. अंगठा उघडायचा राहिला होता.