वेळेआधीच्या ओंब्या

पाणी तोडलेल्या गव्हाला महिनाभर आधीच ओंब्या आलेल्या बघून काचघरात आलेले पाहुणे खूश झाले. "वा, भलतंच जोमदार दिसतंय हे वाण!"

"जोम कसला डोंबलाचा," मी म्हटलं. "आपण फार दिवस टिकत नाही हे रोपाला कळलंय. म्हणून वाढायचं सोडून दाणे भरायची घाई चाललीय."

पुढच्या कडक उन्हाळ्यांत कोणतं पीक तग धरेल हे शोधायला गेली अकरा वर्षं मी रोपांना तहानलेलं ठेवते. एखादं पान जरा वळलं तरी माझ्या नजरेतून सुटत नाही.

संध्याकाळी घरी आले तर आई बाबांना कुकर लावायला शिकवत होती. धाकटीचं पुढच्या वर्षी ठरलेलं लग्न आईने हट्टाने याच महिन्यात आणलं होतं. मला बघताच तिने कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "आता तुझ्याकडेच असू देत."

"बघ, हिला हल्ली नुसता उत्साह आलाय," बाबा कौतुकाने म्हणाले.

मी त्याच किल्ल्यांनी तिचं कपाट उघडलं.



"आई, डॉक्टरांचा रिपोर्ट कुठे लपवलायस?"