दहाव्याची थालीपीठं

देहदानाच्या अर्जाची घडी इतक्या वेळा उलगडली गेली होती, की ती मधोमध बोटभर फाटली होती. तिथे आईने चिकटपट्टी लावली होती. तिची सही चार वर्षांपूर्वीची. त्याखाली मुलाच्या सहीची जागा अजून कोरीच होती.

मेडिकल कॉलेजच्या मेसमध्ये तिने एकतीस वर्षं स्वयंपाक केला होता. अर्ज पुढे आला की वामन विषय बदलायचा. आज मात्र तो बोलला. "पोरं चिरतील गं तुला. पिंड नाही, कावळा नाही. स्वर्गात कशी जाशील?"

परातीत थालीपिठाचं पीठ मळता मळता आई हसली. "स्वर्गात म्हणे कुणाला भूकच लागत नाही. मग मी तिथे काय करू, माश्या मारू? पहिल्या वर्षाची पोरं फार बावरलेली असतात रे. त्यांच्यापाशी मायेचं कुणी असलेलं बरं."

"आणि दहाव्याला?"

"मेसमधल्या पोरांना थालीपीठं घाल, तुझ्या हातची. कावळ्यापेक्षा ती लवकर शिवतील."

वामनने तिच्या हातांकडे पाहिलं. तव्याच्या चटक्यांचे डाग मनगटापासून कोपरापर्यंत गेले होते. आपण आईला परक्यांच्या हाती देणार, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. ती तर पुन्हा कामावर निघाली होती.

बाह्या दुमडून तो परातीजवळ बसला. "थापायला शिकव मला. पण आधी पेन दे, आई. सही करतो."