एसिनामची खुर्ची

शिकाऊ शिक्षिका म्हणून माझा पहिला दिवस होता. आग्बेको सरांनी सातवीच्या वर्गात मागे बसून नुसतं बघायला सांगितलं. आमच्याकडे घानात मुलं शाळेत खुर्ची घरून आणतात; मला आणायचं सुचलंच नव्हतं. मागची एक रिकामी दिसली, तिच्यावर बसले. शेजारची याय्रा म्हणाली, “उठा मॅडम, ती एसिनामची आहे.” “ती कुठेय?” “अक्राला गेलीय, मावशीकडे कामाला. शाळा सोडली असती तर खुर्ची नेली असती ना?” मी उठले. तिने फडक्याने खुर्ची पुसली. दिवसभर मी भिंतीशी उभी राहून वहीत नोंदी केल्या; माझ्याशी कुणी बोललं नाही. शेवटच्या तासाला एसिनामची आई आली, सरांशी दोन शब्द बोलली आणि खुर्ची डोक्यावर घेऊन गेली. सरांनी अपूर्णांक पुढे चालू ठेवले. फडकं दप्तरात कोंबून याय्रा स्वतःच्या खुर्चीच्या कडेला सरकली. “इथे बसा, मॅडम.”